दुसरी चावी

बँकेत असताना तिजोरीची एक चावी माझ्याकडे आणि दुसरी हेडकॅशियरकडे असे. दोघे हजर असल्याशिवाय तिजोरी उघडायची नाही, हा नियम. शिवाय दोन्ही चाव्यांचा एक जादा जोड दुसऱ्या शाखेत सीलबंद पाकिटात ठेवलेला असे. एखाद्या चावीचे काही बरेवाईट झाले तर सगळा कारभार अडून राहू नये, म्हणून ही तजवीज. ३८ वर्षे मी हा नियम पाळला आणि हाताखालच्या माणसांकडून काटेकोरपणे पाळून घेतला. अशा माणसाने स्वतःच्या आईचा आवाज एकाच ठिकाणी, तोही एका जुन्या लॅपटॉपच्या पोटात, दुसरी प्रत न काढता ठेवावा, याला काय म्हणायचे? माझी बहीण, म्हणजे आमची अक्का, याला जे म्हणाली ते रविवारच्या पुरवणीत छापण्यासारखे नाही.

आईच्या ओव्या मी २०१६ आणि २०१७ या दोन वर्षांत रेकॉर्ड केल्या. ती तेव्हा ८४ वर्षांची होती. गावाकडच्या घरात जाते होते, पण त्याला हात लावून चाळीस वर्षे उलटली होती. तरी जात्यापाशी बसल्याशिवाय तिला ओवी आठवत नसे. म्हणून मूठभर ज्वारी टाकून ती खुंटा धरायची आणि मी शेजारी फोन ठेवून बसायचो. सुट्टी मिळेल तसे असे अकरा तासांचे ध्वनिमुद्रण जमले. ७४ फायली. महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे फार मोठे काम हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी आयुष्यभर केले. त्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. पण आमच्या गावात, आमच्या आईपर्यंत ते काही पोचले नव्हते. तिचे जे होते ते या ७४ फायलींत होते. २०१९ साली ती गेली. त्यानंतर त्या फायली उघडण्याचा धीर मला झाला नाही. त्या आहेत, एवढे ठाऊक असणे पुरेसे वाटायचे.

परवाच्या मे महिन्यात एका संध्याकाळी वळवाचा पाऊस कोसळला. लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच गतप्राण झाली होती. तो नुसत्या विजेवर चालायचा. नेमके त्या वेळी त्याच्या आत काहीतरी अद्ययावत होण्याचे काम चालले होते आणि वीज गेली. वीज आल्यावर लॅपटॉप सुरू केला, तर पडद्यावर एक चक्र फिरत राहिले. रात्री दहा वाजता फिरत होते, सकाळी सहा वाजताही फिरत होते.

दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा मोठा नम्र होता. त्याने लॅपटॉप इकडून तिकडून पाहिला आणि म्हणाला, “काका, फॉर्मॅट मारावा लागेल.”

“आणि आत जे आहे ते?”

“ते जाईल. बॅकअप आहे ना तुमच्याकडे?”

मी लॅपटॉप उचलला आणि घरी आलो. बँकेत कोणा कारकुनाने मला ‘बॅकअप नाही साहेब’ असे सांगितले असते, तर मी त्याला मेमो दिला असता.

अक्काची मुलगी पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. तिला फोन केला. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, “मामा, फॉर्मॅट केला नाहीस ना?” नाही म्हटल्यावर तिने सोडलेला निःश्वास मला फोनमध्येही ऐकू आला. मग म्हणाली, “दाराचं कुलूप अडकलंय, घर पडलेलं नाही. आपण मागच्या दारानं आत जाऊ. एक पेनड्राइव्ह आण, आठ जीबीचा.”

हे मागचे दार म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. कारण पुढची सगळी गोष्ट त्या दारात अडकण्याची आहे.

कॉम्प्युटर सुरू होतो तेव्हा तो स्वतःच्या डिस्कवर ठेवलेली कार्यप्रणाली उचलून स्मरणात घेतो. ती डिस्कवरूनच घेतली पाहिजे असे मात्र नाही. ती पेनड्राइव्हवरूनही घेता येते. लिनक्स नावाची प्रणाली अशा रीतीने संपूर्णच्या संपूर्ण पेनड्राइव्हवरून चालते. लॅपटॉपच्या डिस्कला ती आपण सांगितल्याशिवाय हात लावत नाही. काम झाले, यंत्र बंद केले, पेनड्राइव्ह काढला, की पाटी कोरी. याला ‘लाइव्ह’ पद्धत म्हणतात. २००० सालच्या सुमारास क्लाउस क्नॉपर या जर्मन गृहस्थांनी ‘नॉपिक्स’ नावाची सीडी काढली, तिने ही पद्धत जगभर लोकप्रिय केली. पुढे सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली.

लिनक्सशी माझी ओळख मात्र थोडी जुनी निघाली. मी १९८१ साली बँकेत क्लार्क म्हणून लागलो तेव्हा सगळी लेजरे हातांनी लिहिली जात. बँकांच्या यांत्रिकीकरणावर रंगराजन समितीचा पहिला अहवाल आला १९८४ साली. त्यावरून संघटनांत वादळे उठली, करार झाले, १९९३ साली आणखी एक करार झाला आणि यंत्रे शाखाशाखांतून दिसू लागली. आमच्या शाखेत आलेले यंत्र युनिक्स प्रणालीवर चालायचे. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरे, चित्र म्हणून काही नाही. रोज संध्याकाळी दिवसभराच्या व्यवहारांची प्रत टेपवर घ्यायची आणि ती टेप शाखेबाहेर ठेवायची, हे काम माझ्याकडे होते. त्याच सुमारास, १९९१ साली, हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने युनिक्ससारखीच पण स्वतः लिहिलेली एक प्रणाली जगाला देऊ केली. आपण हौस म्हणून हे करतो आहोत, असे त्याने तेव्हा जाहीर केले होते. ती हौस म्हणजे लिनक्स. माझ्या टेबलावरच्या हिरव्या अक्षरांची ही जणू धाकटी बहीण. त्यामुळे काळ्या पडद्यावरच्या अक्षरांची भीती मला कधी वाटली नाही. भीती वाटली ती काहीच अक्षरे नसलेल्या काळ्या पडद्याची. आणि तोच माझ्या वाट्याला यायचा होता.

पेनड्राइव्ह तयार करायला शेजाऱ्यांचा कॉम्प्युटर मागून घेतला. भाचीने सांगितल्याप्रमाणे लिनक्स मिंट नावाच्या वाणाची फाइल उतरवून घेतली. जवळजवळ तीन जीबीची. उतरवताना ती अर्धीमुर्धी किंवा खराब झालेली नाही ना, हे पाहण्याची सोय असते. फाइलवरून हिशेब करून ६४ अक्षरांची एक खूण निघते. ती बनवणाऱ्यांनी जाहीर केलेल्या खुणेशी अक्षर न् अक्षर जुळली पाहिजे. हे काम मला मनापासून आवडले. दिवसअखेरीस कॅश टॅली होण्यासारखेच ते आहे. एक अक्षर जरी वेगळे असले तरी फाइल टाकून द्यायची आणि नव्याने उतरवायची. पुढे होणाऱ्या निम्म्या मनस्तापाचे मूळ या न केलेल्या टॅलीत असते, असे भाची म्हणते.

मग ती फाइल पेनड्राइव्हवर चढवायची. नुसती कॉपी करून भागत नाही. त्यासाठी रुफस किंवा एचर यांसारखी छोटी साधने मिळतात. ती पेनड्राइव्हवर आधी असलेले सगळे पुसून टाकतात, हे ध्यानात ठेवावे. नातवाच्या बारशाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह या कामाला घेऊ नये.

रात्री साडेआठला जेवण उरकून मी टेबलाशी बसलो. फोन डाळीच्या स्टीलच्या डब्याला टेकवून असा उभा केला, की भाचीला लॅपटॉपचा पडदा दिसावा. सौभाग्यवती मागे खुर्ची घेऊन बसल्या. लॅपटॉप सुरू करताच एक विशिष्ट कळ भराभर दाबायची असते, म्हणजे कुठून सुरू होऊ हे तो विचारतो. ही कळ कंपनीगणिक वेगळी. कुठे एफ १२, कुठे एफ ९, कुठे एस्केप. तिसऱ्या प्रयत्नात यादी आली. पेनड्राइव्ह निवडला. काळ्या पडद्यावर चार-पाच ओळींचा मेनू आला. पहिल्या ओळीवर एंटर दाबले. क्षणभर मिंटचे हिरवे चिन्ह चमकले आणि पडदा काळा झाला.

आम्ही थांबलो. दोन मिनिटे. पाच मिनिटे. पडदा काळाच. माझ्या मनात नको ते आले. डिस्क गेली असणार, सगळेच गेले असणार.

“मामा, तुला मेनू दिसला ना?” भाची म्हणाली. “म्हणजे पेनड्राइव्ह वाचला गेला. तुझ्या डिस्कचा तर अजून संबंधच आलेला नाही. आता यंत्र मेलंय की नुसता पडदा मेलाय ते बघू. कॅप्स लॉक दाब.”

दाबले. कळफलकावरचा बारीक दिवा लागला. पुन्हा दाबले. विझला.

“जिवंत आहे,” ती म्हणाली. “शुद्धीवर आहे, फक्त बोलता येत नाहीये.”

ही तपासणी मला फार आवडली. कोणतेही यंत्र उघडायचे नाही, एक कळ दाबायची. दिवा प्रतिसाद देत असेल तर आतला कारभार बहुधा चालू आहे आणि घोटाळा चित्रापुरता आहे. दिवा हलतच नसेल तर यंत्र गोठले असण्याची शक्यता जास्त. मग तिने दिवाणखान्यातला दिवा मालवायला लावला आणि पडद्यावर टॉर्चचा झोत तिरका टाकून बघायला सांगितले. कधी कधी चित्र आलेले असते, पण त्यामागचा उजेडच पेटलेला नसतो, आणि टॉर्चच्या प्रकाशात ते अंधुक दिसते. तसे असते तर इलाज वेगळा. इथे काही दिसले नाही. मग टीव्हीची एचडीएमआय केबल काढून लॅपटॉपला लावली. चित्र चुकून बाहेरच्या पडद्याकडे जात असेल तर तिथे उमटले असते. टीव्ही म्हणाला, ‘नो सिग्नल’.

एव्हाना माझ्या लक्षात आले की पोरगी ऑडिट करते आहे. फरक कुठे आहे हे शोधायचे तर एकेक खाते बंद करत जायचे. जे बरोबर आहे ते बाजूला काढायचे, म्हणजे चूक आपोआप एका कोपऱ्यात सापडते.

“आता त्यालाच विचारू, कुठं अडतोस म्हणून,” ती म्हणाली. पॉवरचे बटन दाबून धरून यंत्र बंद केले आणि पुन्हा सुरू केले. या वेळी मेनू आल्यावर एंटर न दाबता ‘ई’ हे अक्षर दाबायचे. पडद्यावर काही ओळी उघडल्या. त्यात ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी एक लांबलचक ओळ होती आणि तिच्या शेवटाकडे दोन इंग्रजी शब्द होते, ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’. पहिल्याचा अर्थ गप्प बस आणि दुसऱ्याचा अर्थ चित्र दाखव. सुरू होताना प्रणाली शेकडो संदेश पुटपुटत असते. सामान्य माणूस ते पाहून घाबरेल म्हणून तिला गप्प बसवून वर एक सुरेख चिन्ह दाखवायची प्रथा पडली आहे. ते दोन्ही शब्द तिने मला खोडायला लावले आणि एफ १० दाबायला सांगितले.

आणि पडद्यावर अक्षरे धावू लागली! माझ्या शाखेतल्यासारखीच. फक्त हिरव्याऐवजी पांढरी. एकामागून एक ओळी. मेमरी एवढी, प्रोसेसर अमुक, डिस्क सापडली, कळफलक सापडला. “डिस्क सापडली” हे माझ्यासाठीचे वाक्य होते. मी ते सौभाग्यवतींना मोठ्याने वाचून दाखवले. आणखी काही ओळी आल्या, ग्राफिक्सचा काही उल्लेख झळकला, आणि त्याच क्षणी पडदा पुन्हा काळा झाला.

“सापडलं,” फोनमधून आवाज आला.

काय सापडले? इथे जरा थांबून हे यंत्र पडद्यावर चित्र कसे उमटवते ते पाहू.

लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. हा शब्द ऐकून मला प्रथम झुबकेदार मिशांचे लष्करी अधिकारी आठवले होते. पण हा कर्नल म्हणजे बियांचा गर. कॉम्प्युटर सुरू होतो तेव्हा पडद्याचा ताबा यंत्राच्या जन्मजात, ठोकळेबाज व्यवस्थेकडे असतो. मेनू दिसतो तो तिच्या कृपेने. पुढे कर्नल जागा झाला की ग्राफिक्स चिप ओळखतो आणि तिच्यासाठी लिहिलेला ड्रायव्हर कामाला लावतो. मग पडद्यावर किती ठिपके, कोणत्या वेगाने, हे सगळे तो ड्रायव्हर ठरवतो. पूर्वी हे काम कर्नलच्या बाहेर, बऱ्याच उशिरा होत असे. २००९ सालच्या आसपासपासून कर्नलने ते स्वतःकडे घेतले. त्यामुळे चित्र लवकर आणि न लुकलुकता येऊ लागले. पण ड्रायव्हरला ती चिप नीट हाताळता आली नाही, तर अंधारही तितक्याच लवकर पडू लागला. माझा पडदा काळा झाला होता तो नेमका या चार्ज देण्याघेण्याच्या क्षणी. जुन्या अधिकाऱ्याने किल्ल्या खाली ठेवल्या आणि नव्याला त्या उचलता आल्या नाहीत.

ड्रायव्हर या शब्दाचा आपला नेहमीचा अर्थ इथे उपयोगी पडतो. कोकणातल्या घाटात एसटी घालणारा जुना ड्रायव्हर प्रत्येक वळण ओळखतो. बदलीवर आलेला ड्रायव्हर वाईट नसतो, त्याला घाट ठाऊक नसतो. ग्राफिक्स चिपांचे असेच आहे. अनेक वर्षे काही कंपन्यांनी आपल्या चिपांची अंतर्गत माहिती बाहेरच्यांना दिली नाही. तेव्हा हौशी प्रोग्रॅमरांनी चिपेचे वागणे बाहेरून निरखून, तर्काने ड्रायव्हर लिहिले. एनव्हिडियाच्या चिपांसाठी असा लिहिलेला ‘नूवो’ नावाचा ड्रायव्हर २०१० साली कर्नलमध्ये आला. एएमडीने २००७ सालापासून माहिती खुली करायला सुरुवात केली. २०१२ साली फिनलंडमधल्या एका विद्यापीठात भाषण करताना खुद्द टोरवाल्ड्स एनव्हिडियावर इतके संतापले, की त्यांनी कॅमेऱ्यासमोर बोटाने जी खूण केली ती कुटुंबवत्सल वाचकांना सांगता यायची नाही. पुढे २०२२ साली त्या कंपनीनेही आपल्या नव्या चिपांसाठी कर्नलमधला भाग खुला केला. माझ्या लॅपटॉपमध्ये कोणाची चिप आहे ते इथे महत्त्वाचे नाही. असा घोळ कोणाच्याही चिपेबाबत होऊ शकतो. यंत्र फार जुने असेल तर होतो, आणि यंत्र अगदी नवे पण पेनड्राइव्हवरचे लिनक्स दोन-तीन वर्षांपूर्वीचे असेल तरीही होतो. त्या दुसऱ्या प्रसंगी पहिला उपाय म्हणजे लिनक्सची ताजी आवृत्ती उतरवून घेणे.

माझ्या प्रकरणात आणखी एक मेख होती. लॅपटॉपमध्ये एक सोडून दोन ग्राफिक्स चिपा होत्या. एक प्रोसेसरमधलीच, साधी. दुसरी वेगळी, जोरकस, खेळ खेळणाऱ्यांसाठी. २०१५ साली दुकानदाराने “साहेब, ग्राफिक्सवालाच घ्या” म्हणून तो गळ्यात मारला होता. मी त्यावर आजवर पत्त्यांचा खेळसुद्धा खेळलेलो नाही.

“आता परत ‘ई’ दाब,” भाची म्हणाली. “ते दोन शब्द खोड आणि त्यांच्या जागी एक नवा शब्द घाल. मी अक्षरं सांगते. सगळी लहान लिपीत, मध्ये जागा सोडायची नाही. नागपूरचा एन. ओडिशाचा ओ. मुंबईचा एम. परत ओडिशाचा ओ. दिल्लीचा डी. इंग्लंडचा ई. साताऱ्याचा एस. परत इंग्लंडचा ई. ठाण्याचा टी.”

शब्द झाला ‘नोमोडसेट’. त्याचा अर्थ साधारण असा, की कर्नलसाहेब, पडद्याचा ताबा घेण्याच्या भानगडीत पडू नका. यंत्राची जन्मजात व्यवस्था जे दाखवते आहे त्यावरच भागवा. बस पहिल्या गिअरमध्ये हळूहळू घाट उतरेल, पण उतरेल.

एफ १० दाबले. पांढरी अक्षरे पुन्हा धावली. ज्या ठिकाणी मघाशी अंधार झाला ते ठिकाण आले आणि गेले. मी श्वास रोखून होतो. मग पडदा एकदा लुकलुकला आणि त्यावर चित्र उभे राहिले. जरा ओबडधोबड, अक्षरे फुगलेली, १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचे. कोपऱ्यात सूचना आली की ग्राफिक्स चिपेची मदत न घेता काम चालले आहे, सगळे संथ होईल. संथ तर संथ. मला कुठे गाडी पकडायची होती!

पडद्यावर लिनक्स कायमचे बसवण्याचेही एक चिन्ह असते. “त्याला हात लावू नकोस,” भाचीने बजावले. त्या वाटेने न वाचता पुढे गेले तर डिस्क पुसली जाऊ शकते. तिने मला डिस्कचे चिन्ह उघडायला सांगितले. डिस्क कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक केलेली असती, तर इथे आणखी एक किल्ली लागली असती. हल्लीच्या पुष्कळ लॅपटॉपांत तशी असते आणि तिचा लांबलचक आकडा आधीच लिहून ठेवलेला बरा. माझी तशी नव्हती. ती नीट बंद झालेली नसल्यामुळे फक्त वाचण्यापुरती उघडली. मला तेवढेच हवे होते. माझे फोल्डर होते. त्यात ‘आई’ नावाचे फोल्डर होते. मी आकडा पाहिला. ७४.

बाहेरची हार्डडिस्क लावून सगळे तिच्यावर उतरवले. जेमतेम ६५० एमबी. आयुष्यभराच्या ओव्या, आणि उतरवायला काही मिनिटे. इकडे ७४, तिकडे ७४. टॅली.

मग भाची म्हणाली, “मामा, मेनूत दुसरी ओळ होती बघ, ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ची. ती निवडली असती तरी साधारण हेच झालं असतं.” उबुंटू नावाच्या वाणात तिलाच ‘सेफ ग्राफिक्स’ म्हणतात. मी जरा रागावलोच. मग एवढा खटाटोप कशाला? “कारण त्या ओळीत याच्याबरोबर आणखीही काही बंधनं घातलेली असू शकतात,” ती म्हणाली. “चाललं असतं, पण नेमकं काय बिघडलंय ते कळलं नसतं. एका वेळी एकच बदल करावा.” बँकेत हे वाक्य मी किती जणांना ऐकवले असेल! वाचकांनी मात्र घाईच्या वेळी ती दुसरी ओळ आधी आजमावून पाहावी. नऊपैकी एखादे अक्षर चुकण्याची धास्ती तरी नाही.

पुढच्या रविवारी ती स्वतः आली. आता दुखणे ठाऊक असल्यामुळे तिने सरसकट पहिला गिअर न लावता फक्त त्या दुसऱ्या, जोरकस चिपेचा ड्रायव्हर उचलू नको, एवढेच कर्नलला सांगितले. साधी चिप आपल्या ड्रायव्हरनिशी सुरू झाली आणि चित्र काचेसारखे स्वच्छ आले. काही लॅपटॉपांत ती जादा चिप यंत्राच्या मूळ सेटिंगमध्येच बंद करता येते. माझ्यात ती सोय नव्हती. मग डिस्कवर लिनक्स कायमचे बसवले. मेनूत ‘ई’ दाबून केलेला बदल त्या एका वेळेपुरताच टिकतो, म्हणून तोच बदल बसवल्यानंतर तिथल्या सेटिंगच्या फाइलीत कायमचा लिहावा लागतो. ज्यांना ती चिप हवी आहे त्यांनी ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून कंपनीचा ड्रायव्हर घ्यावा. हा लेख मी त्याच लॅपटॉपवर, इनस्क्रिप्ट कळफलकाने लिहितो आहे.

हे सगळे इतक्या तपशिलाने सांगण्याला एक कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार संपला. तिच्यानंतरच्या विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. त्यामुळे धडधाकट असलेले पुष्कळ लॅपटॉप घरोघरी कपाटात गेले आहेत. त्यांतले कितीतरी अशा पेनड्राइव्हने पुन्हा उभे राहू शकतात. मुलाच्या अभ्यासाला, सोसायटीच्या हिशेबाला ते उत्तम चालतात. पण पहिल्याच प्रयत्नात पडदा काळा झाला की माणूस म्हणतो, हे आपले काम नव्हे, आणि झाकण मिटतो. त्या माणसाला एवढेच सांगायचे आहे, की काळा पडदा म्हणजे यंत्राचा मृत्यू नव्हे. आधी दिवा लागतो का पाहा. मग त्याला बोलते करा. मग एका वेळी एक बदल. बसवण्याच्या चिन्हाला हात लावला नाही तर आतल्या डिस्कला धक्का लागत नाही, त्यामुळे चुकायला भरपूर मुभा आहे.

त्या रविवारी अक्काही आली होती. संध्याकाळी आम्ही फायली ऐकल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा. आधी जात्याची घरघर, मग बांगड्या, मग आईचा आवाज. मध्येच ती म्हणते, “पुरे आता, दूध उतू जाईल.” अक्का हसली आणि मग हसताहसता पदर डोळ्यांना लावून बसली. ४१ क्रमांकाच्या फाइलीत आई लेकीच्या लेकीला ओवी गाते आहे. त्यात भाचीचे नाव आहे. तिला हे ठाऊक नव्हते. मलाही आठवत नव्हते. ती काही बोलली नाही. तिने ती फाइल थांबवली, मागे नेली आणि पुन्हा लावली.

जाताना अक्काने एक पेनड्राइव्ह नेला, भाचीने एक. बाहेरची हार्डडिस्क माझ्या कपाटात आहे. तिजोरीच्या चाव्या आता तीन गावांत आहेत. तुमच्याही घरात कुठल्यातरी फोनमध्ये, कुठल्यातरी मिटलेल्या लॅपटॉपमध्ये कुणाचा तरी आवाज एकटाच पडून असेल. आज रविवार आहे. दुपारच्या झोपेआधी तेवढी दुसरी चावी करून टाका.